मास्तरांच्या हाताची सवय

मास्तरांकडे कोट शिवायला टाकला की ट्रायलचा कार्यक्रम ठरलेला असे. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढवायचा आणि मग मास्तर मागून यायचे. डावा तळवा खांद्यावर, उजवा कमरेवर. एक हलका दाब, एक हलकी ओढ. "हं. आता बघा." गिऱ्हाईक आरशात बघायचं आणि आरशातला माणूस आपल्यापेक्षा बराच बरा आहे असं त्याला वाटायचं. खुर्चीत बसून बसून खांदे पडलेले बँकेचे साहेब असोत नाहीतर पोट सांभाळत चालणारे हॉटेलमालक असोत, मास्तरांचा हात फिरला की घटकाभर तरी सगळे ताठ. मग खडूच्या खुणा व्हायच्या, टाचण्या लागायच्या आणि उरलेलं काम पॅड, कॅनव्हास आणि इस्त्री मिळून उरकायची.

हे मास्तर शिंपीकामातले, शाळेतले नव्हेत. शाळेशी त्यांचं लवकरच फाटलं होतं. उंचीने बेताचे, बोलायला तिखट, आणि 'रेडिमेड' हा शब्द कुणी काढला की कपाळावर आठी. रेडिमेड म्हणजे कुणाच्याच मापाचे नसलेले कपडे सगळ्यांनी घालायचे आणि वर आरशाला दोष द्यायचा, असं ते म्हणत. रस्त्याकडेच्या खोलीत दुकान आणि वरच्या दोन खोल्यांत घर. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, आणि खिडकीशी त्यांची बायको काज-बटणं करत बसलेली. नवऱ्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात आणि काज करण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी चणीने इतकी बारीक होती की तिचं नाव 'बारकी' पडलं. मग ती एकदम ताडमाड वाढायला लागली, आईच्या डोक्यावरून गेली, पण नाव काही सुटलं नाही. बापाचं तोंड आणि आईचे कान घेऊन जन्माला आली होती, म्हणजे बोलायची कमी पण बोलली की लागायचं, आणि ऐकायची सगळं. तिला अंग मागे टाकून कमान करायची भारी हौस. दुकानात कापडाच्या चिंध्यांचा ढीग दिसला की तिथेच मागे वाकून हात टेकायची आणि उलट्या डोक्याने बापाला म्हणायची, "बाबा, तुम्ही आत्ता छान दिसताय." मास्तर कात्री दाखवायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

बारकीच्या अंगावर बाहेरचा एक धागा नव्हता. शाळेच्या गणवेशापासून झोपायच्या सदऱ्यापर्यंत सगळं बापाच्या हातचं. आणि घोळ नेमका तिथेच झाला.

शिंप्याच्या धंद्यात एक रीत असते. गिऱ्हाइकाचा एक खांदा पडलेला असला तर ते त्याला सांगायचं नाही. त्या बाजूला पॅड जरा जाड घालायचा, शिवण जरा उचलायची, आणि गप्प बसायचं. मास्तरांना त्यांच्या उस्तादाने हे टाळूवर टपल्या मारून शिकवलं होतं, त्यामुळे ते डोक्यात कमी आणि हातात जास्त मुरलं होतं. बारकीच्या फ्रॉकचा घेर एका बाजूने वर चढायला लागला तेव्हा मास्तरांनी ती बाजू बोटभर सोडली. गळा एका खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा शिवण उचलली. पोरं वाढतात, कधी इकडून कधी तिकडून, असा कधीतरी मनात विचार आला असेल तर तेवढाच. त्यामुळे मुलीची पाठ वाकत गेली आणि कपडे सरळ दिसत राहिले. आईला दिसलं नाही, शाळेतल्या बाईंना दिसलं नाही, तिचं तिलाही दिसलं नाही.

दिसलं ते एका फोनला. इस्पितळाची माणसं शाळेत आली होती. मुलांना ओळीने पुढे वाकायला लावून पाठीचे फोटो काढत होती, आणि फोनमधला एआयचा प्रोग्रॅम त्या फोटोंवरून काही मुलं बाजूला काढत होता. बारकी घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझी पाठ निवडली."

"कशासाठी? स्पर्धेला?" मास्तरांनी विचारलं.

"एक्स-रेला," ती म्हणाली.

इस्पितळातल्या मणक्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पायांत धावायचे बूट, बोलणंही धावतं. त्यांनी एक्स-रे पडद्यावर घेतला. पापणी लवते न लवते तोच प्रोग्रॅमने वरच्या आणि खालच्या मणक्यांवर दोन रेघा मारल्या आणि शेजारी पाठीचा बाक किती अंशांचा तो आकडा लिहिला. तीसच्या जरा पुढे. पण मास्तर आकड्याकडे बघतच नव्हते. दोऱ्याचा ताण चुकला की शिलाई जशी एका अंगाला सरकत जाते तसा तो कणा सरकत गेला होता, आणि त्या सरकण्याचं प्रत्येक वळण त्यांच्या ओळखीचं होतं. हा उचललेला खांदा. ही सोडलेली बाजू. 

"हे लवकर लक्षात येत नाही," डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या. "बऱ्याच आईवडिलांच्या येत नाही."

"माझ्या आलं होतं, बाई," मास्तर म्हणाले. "मी ते शिवून टाकलं."

बाईंना अर्थ कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्या पडद्याकडे वळल्या. हा प्रोग्रॅम हजारो मुलांचे एक्स-रे पाहून शिकलेला आहे, त्यांनी सांगितलं. मुलीचं वय, हाडांची अजून किती वाढ बाकी आहे, बाकाचा आकार, हे सगळं मांडून तो म्हणतो की हा बाक उंचीबरोबर वाढणाऱ्यांतला आहे. कडक प्लास्टिकचा ब्रेस, म्हणजे धडाभोवती आवळून बसणारा साचा, दिवसाचा बहुतेक वेळ घालायचा. ब्रेसला यश येण्याची आशा चांगली आहे. वाढ थांबेपर्यंत बाक पन्नासच्या आत राहिला तर निभावलं. पलीकडे गेला तर ऑपरेशन, मणक्यांत स्क्रू आणि सळया.

"सळया घातल्यावर कमान करता येते?" बारकीने विचारलं.

"थोडंफार वाकता येतं," बाई म्हणाल्या. "कमान नाही."

 घरी परतेपर्यंत तिघांचं एवढंच ठरलं होतं आणि ते न बोलता ठरलं होतं, की पन्नासच्या आत राहायचं.

वरचेवर एक्स-रे काढणं मुलीला बरं नव्हतं आणि इस्पितळही लांब. म्हणून बाईंनी मास्तरांच्या बायकोच्या फोनवर तो प्रोग्रॅम घालून दिला. महिन्याकाठी एकदा ब्रेस काढून, केस वर बांधून, उघड्या पाठीचा फोटो काढायचा. खांदे, पाठीचे फरे, कंबर यांच्या कडा बघून प्रोग्रॅम रंगाने सांगणार: बदल नसेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, बाक वाढलाय असं वाटलं तर लाल. पिवळा-लाल आला की इस्पितळालाही आपोआप कळणार आणि बाई ताबडतोब बोलावून ब्रेस बदलणार. "फक्त एक करा," बाई म्हणाल्या, "तिला सरळ उभं करायला जाऊ नका. ती उभी राहते तशी राहू दे." फोनमध्ये तसा व्हिडिओही होता. मास्तर म्हणाले, "बरं." व्हिडिओ बारकीने पाहिला. मास्तरांना माणूस उभा करायला व्हिडिओ लागत नव्हता.

बायकोचा हात स्थिर, म्हणून फोटो ती काढायची. भिंत वरच्या खोलीतली, उजेड सकाळचा. पहिल्या फोटोला हिरवं आलं तेव्हा मास्तर फोनकडे असे बघत राहिले की बायकोला तो त्यांच्या हातातून काढून घ्यावा लागला. दुसऱ्यांदाही हिरवं. तिसऱ्यांदा हिरवं आल्यावर मास्तर कापडावर खडू मारता मारता गुणगुणायला लागले. त्यांचा आवाज गाण्याचा नव्हता, पण इतके दिवस त्या घरात नुसता मशिनचा आवाज होता, त्यामुळे त्या दोघींना तो गोड लागला. ब्रेसच्या आत घालायला त्यांनी शिवण टोचणार नाही असे मऊ बनियन शिवले, ब्रेस दिसू नये असा गणवेश बेतला. कामात कसूर नव्हती.

बँकेचे साहेब एकदा ट्रायलला उभे असताना म्हणाले, "मास्तर, रेडिमेडला शिव्या घालणारे तुम्ही, आणि पोरीची पाठ फोनवर तपासता?"

"फोन माप घेतो, साहेब," मास्तर त्यांच्या खांद्यावर तळवा ठेवत म्हणाले. "मापाला मी कधी शिवी दिलीय?"

मधेच एकदा बारकी म्हणाली की ब्रेस काखेखाली टोचतोय, आधी टोचत नव्हता. मास्तरांनी बघितलं. कातडी लाल झाली होती. त्यांनी बनियनला त्या जागी मऊ कापडाची दुहेरी घडी लावून दिली. टोचायचं थांबलं. बायको म्हणाली, "अहो, बाईंना एकदा विचारू या का?" मास्तर म्हणाले, "अगं, हिरवं येतंय ना? मग उगाच कशाला जीव खालीवर करतेस." तिलाही ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं.

काही महिन्यांनी ठरलेल्या एक्स-रेला गेले तेव्हा मास्तरांनी स्वतःचा चांगला कोट घातला होता. पडद्यावर चित्र उमटलं, दोन रेघा पडल्या आणि आकडा आला. बावन्न. डॉक्टरीणबाईंनी मणके स्वतः मोजून प्रोग्रॅमला पुन्हा रेघा मारायला लावल्या. बावन्नच. मग त्यांनी घरून आलेले फोटो शेजारी उघडले. एकापुढे एक सगळ्या पाठी सरळ, हिरव्या, एकीसारखी दुसरी.

"हे दोन्ही एकाच मुलीचं वाटत नाही," त्या म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळून, "तुम्ही फोटो कसा काढता ते मला दाखवाल?"

त्यात काय दाखवायचं, असं मास्तरांना वाटलं, पण ते उठले. बारकी मागून उघड्या गाऊनमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बायकोने फोन धरला. मास्तर मागून गेले. डावा तळवा खांद्यावर, उजवा कमरेवर. एक हलका दाब, एक हलकी ओढ. "हं," म्हणून ते चौकटीबाहेर सरकले, आणि बारकी त्यांनी ठेवली तशी श्वास धरून उभी राहिली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मास्तर, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? उभं केलं तिला."

बोलताना त्यांचे दोन्ही हात अजून पुढेच होते, खांद्याच्या आणि कमरेच्या उंचीवर. त्यांनी आधी हातांकडे बघितलं, मग बायकोकडे. बायको त्यांच्या हातांकडेच बघत होती. इतकी वर्षं ती ते बघत आली होती. माणूस श्वास घेतो ते जसं आपण बघत नाही तसं तिनेही ते कधी बघितलं नव्हतं.  मास्तर खुर्चीवर बसले, आणि खुर्चीवर बसल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

बाई चिडल्या नाहीत. प्रोग्रॅमला दाखवू तेच तो बघतो, त्या म्हणाल्या, आणि घरी कुणी हात लावतंय का हे आम्हीही आधीच बघायला हवं होतं. कुणीतरी दोन शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना आधार वाटला असता. चूक माझी, माझी एकट्याची, असं म्हणायला ते तयार होते, पण ते म्हणायलासुद्धा समोर कुणीतरी बोट रोखलेलं लागतं.

"हात लावला नसता तर?" त्यांनी विचारलं.

"मधे कधीतरी पिवळा आला असता. मी बोलावलं असतं, ब्रेस बदलला असता."

"मग थांबलं असतं?"

"सांगता येत नाही. काहींचं थांबतं. काहींचं ब्रेस कितीही नीट असला तरी थांबत नाही."

"मशिनला विचारा की, बाई. हजारो मुलं बघितलीत ना त्याने? पुढचं सांगतं, मग हे का नाही सांगत?"

"तो असे इतके, तसे इतके एवढंच सांगेल," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी त्यातल्या कुठल्या बाजूची होती, ते आता त्याला कळणार नाही. मलाही नाही."

तो प्रश्न मास्तरांनी घरी आणला. कात्री चालवताना तो असायचा, घास उचलताना असायचा. आपण पोरीची कमान घालवली की ती जाणारच होती, यातलं कुठलंही एक कुणी ठाम सांगितलं असतं तरी त्यांनी ते गिळलं असतं. पण तिथे सांगणारंच कुणी नव्हतं. ते बारकीला काही म्हणत नव्हते, बारकी त्यांना काही म्हणत नव्हती. ऑपरेशनचा दिवस ठरला.

मधल्या काळात बँकेचे साहेब नव्या कोटाच्या शेवटच्या ट्रायलला आले. मास्तरांनी कोट चढवला आणि ते हात पाठीमागे बांधून बाजूला उभे राहिले. साहेब वाट बघत राहिले. मग आरशात बघून म्हणाले, "मास्तर, या खेपेला कोट बिघडलाय. खांदा पडल्यासारखा दिसतोय."

"कोट बरोबर आहे, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांनी पुन्हा आरशात बघितलं आणि कोट काढून टेबलावर ठेवला. ते परत आले ते बऱ्याच दिवसांनी, आणि कोट तसाच घेऊन गेले.

इस्पितळात दाखल व्हायच्या आधी बाईंचा निरोप आला. घरी एक शेवटचा फोटो काढून पाठवा, जशी आहे तशी. ऑपरेशननंतर तुलना करायला हवा, आणि मुद्दाम सरळ केलेली पाठ कशी ओळखायची हे प्रोग्रॅमला शिकवायलाही तो उपयोगी पडेल. मास्तरांनी हो म्हटलं. सकाळी वरच्या खोलीत बायकोने फोन हातात घेतला. मास्तर भिंतीपासून लांब एका स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले.

बारकीने ब्रेस काढला, केस बांधले आणि भिंतीकडे वळून उभी राहिली. खांदे जवळजवळ एका रेषेत. कंबर आत.

"बारके, अशी नको," मास्तर म्हणाले. "तुझी तू उभी राहा."

"तशीच सवय लागलीय आता," ती भिंतीकडे बघूनच म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही हात लावायचात ते चुकत होतं. हात लावायचा नाही असं व्हिडिओत होतं. मी बघितला होता."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं. ते वर गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस, बाळा?"

"हिरवं आलं की तुम्ही गुणगुणायचात. आई दोन घास जास्त खायची." तिने वर बांधलेल्या केसांना आणखी एक पीळ दिला. "दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू."

  पोरीने आपल्यासाठी श्वास धरून ठेवला होता, दर महिन्याला, आणि आपण खाली जाऊन गाणं म्हणत होतो. मास्तरांनी मांडीखालचे तळवे आणखी घट्ट दाबले.

बारकीने हळूहळू श्वास सोडला. त्याबरोबर एक खांदा खाली गेला, दुसऱ्या बाजूचा फरा वर आला, कंबर एका अंगाला निघाली. मास्तर पहिल्यांदाच तिची पाठ नीट बघत होते. काय करावं लागेल ते त्यांचे हात जाणत होते, आणि आता त्यांना काहीही करायचं नव्हतं. बायकोने दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरून फोटो काढला.

"काय आलं?" बारकीने मान न वळवता विचारलं.

बायकोने फोन मास्तरांपुढे धरला. त्यांनी बघितलं.

"लाल," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "माझा सदरा द्या."

मास्तर उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो घातला, बटणं लावली, केस सोडले आणि त्यांच्याकडे वळली. सदरा मास्तरांनीच शिवलेला होता. तो तिच्या अंगावर अगदी सरळ बसला होता, कुठूनही काही दिसत नव्हतं.